पंच्याहत्तर सेंटीमीटरचा हात

भाई मेस्ताच्या हातून एकशे नऊ होड्या पाण्यात गेल्या, आणि त्यातल्या एकीचंही माप कामाच्या मधे बदललेलं नाही. हे बोरभाटात कुणालाही विचारा. विचारायची गरजही पडायची नाही म्हणा, कारण भाई स्वतःच ते चहाच्या पहिल्या घोटाला सांगून टाकायचा.

बोरभाट म्हणजे आचऱ्याहून देवगडाकडे जाताना खाडीला चिकटून असलेलं गाव. तिथे पाण्याच्या अंगाला, माडाच्या झापांच्या खोपीत भाई होड्या बांधतो. कागदोपत्री नाव गुरुप्रसाद, पण त्या नावाने त्याला फक्त बँकेतला शिपाई हाक मारतो, आणि तेव्हा भाईच मागे वळून बघतो, की हा कुणाला बोलावतोय. शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग भरला त्या दिवशी बापाने हातात पटाशी दिली आणि म्हणाला, आता ही वाच.

होडीचं काम सुरू करायची भाईची रीत ठरलेली. आधी जमिनीवर पठाण मांडायचं. पठाण म्हणजे होडीचा कणा, त्यावर बाकी सगळी होडी उभी राहते. मालक, मालकीण, खलाशी, शेजारीपाजारी भोवती जमतात. नारळ ठेवतात, अगरबत्ती लागते, आणि भाई गाऱ्हाणं घालतो. त्या गाऱ्हाण्यात तो होडीचं माप मोठ्याने बोलतो. अमक्याची होडी, इतके हात लांब, इतके हात रुंद, तिला सांभाळ रे महाराजा. जमलेले सगळे एका सुरात “व्हय म्हाराजा” म्हणतात. झालं. माप देवाच्या कानावर गेलं. त्यानंतर ते ना मालकाचं, ना सुताराचं.

देवगडचा एक मालक होता, आंब्याच्या धंद्यात वर आलेला. पठाण मांडून पंधरा दिवस झाले, आणि हा एका सकाळी जीपमधून उतरून म्हणतो, “भाईनू, दोन हात वाढवया. बाजूवाल्याची माझ्यापेक्षा लांब दिसता.” भाईने पटाशी खाली ठेवली. “आणि देवाक काय सांगू? मालकाची नजर बाजूवाल्याच्या होडयेर गेली म्हणान?” गृहस्थ रागाने गेला तो आठवडाभर फिरकला नाही. आला तेव्हा पेढे घेऊन आला. होडी अजून चालते. हा किस्सा भाईने त्याच मालकाच्या मुलाच्या लग्नात, मालकाला शेजारी बसवून सांगितला, आणि मालकच सगळ्यांत जास्त हसला.

असे किस्से भाईकडे पोत्याने. एक मात्र तो कधी सांगत नाही. त्यात होडी नाही, रोबो आहे.

ते सुरू झालं दिव्या मॅडममुळे. मॅडम सांगलीकडच्या, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. सरकारी योजनेतून शाळेला एक खोलीभर यंत्रसामान मिळालं, तेव्हा मॅडमनी चार मुलं निवडली आणि ठरवलं, की डिसेंबरात कोल्हापूरला विद्यार्थ्यांची राज्य रोबोटिक्स अजिंक्यपद स्पर्धा आहे, तिथे जायचंच. खेळ ऐकायला सोपा. मैदानावर प्लास्टिकच्या रिंगा पडलेल्या असतात. यंत्राने त्या उचलायच्या आणि खांबांवर चढवायच्या. खांब जितका उंच, तितके गुण जास्त. मुलांना मोटारी जमत होत्या, तारा जमत होत्या, संगणकावरचं कामही जमत होतं. सांगाडा जमत नव्हता. तीनदा केला, तीनदा वाकला. म्हणून मॅडम खोपीत आल्या.

“भाई, मुलांना सांगाड्यातलं जरा शिकवाल का? करायचं मुलांनीच. तुम्ही फक्त दाखवायचं, हात नाही लावायचा.”

“हात न लावता सुतार काय दाखवतलो मॅडम? दात?”

मॅडम हसल्या, आणि भाई दुसऱ्या दिवसापासून चार वाजले की शाळेत.

चौघांतली अनुजा नववीतली. निलेश आणि यशोदाची मुलगी. निलेश पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला समुद्रात नेतो, त्याची होडी भाईनेच बांधलेली. अनुजा लहानपणी त्या होडीचं काम बघत खोपीतच असायची, लाकडाच्या ढलप्या गोळा करत. मॅडमनी कामं वाटून दिली होती. दीपेशकडे मोटारी आणि तारा, अनुजाकडे नियम. कारण स्पर्धेचं नियमांचं पुस्तकच बावन्न पानांचं, तेही इंग्रजीत, आणि वर अधूनमधून सोमवारी संध्याकाळी आयोजक संकेतस्थळावर नियमांतल्या सुधारणा टाकायचे, क्रमांक घालून. सुधारणा एक, सुधारणा दोन. त्या उतरवून घ्यायच्या, समजून घ्यायच्या आणि मॅडमना सांगायच्या, हे अनुजाचं काम. दीपेश तिला ‘नियमबाई’ म्हणायचा. ती चिडायची नाही. तिने त्यासाठी वेगळी वही घातली होती आणि महत्त्वाच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करायची.

मूळ पुस्तकात नियम असा होता, की खेळ सुरू होण्याआधी यंत्र पंचेचाळीस सेंटीमीटरच्या चौकोनी पेटीत मावलं पाहिजे. खेळ सुरू झाल्यावर हात कितीही लांब काढा, त्याला बंधन नाही. हे ऐकलं आणि भाईच्या डोळ्यांत पाणी चमकावं तसं काही चमकलं. त्याने असा हात योजला, की घडी घातली की पेटीत, उघडला की सरळ पंच्याहत्तर सेंटीमीटर. सागाच्या पातळ पट्ट्या, कडेला अॅल्युमिनियम, सांध्यांना पितळेच्या पिना. करायचं मुलांनी असं ठरलं होतं खरं. मुलांनी पॉलिश पेपर घासला. बाकी सगळं भाईने केलं.

आणि सांगाडा मांडला त्या दिवशी त्याला राहवलं नाही. त्याने प्रयोगशाळेच्या टेबलावर नारळ ठेवला. मॅडम “अहो भाई...” म्हणेपर्यंत गाऱ्हाणं सुरू झालंही होतं. “बा देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरांनी हो रोबो मांडललो आसा. पंचेचाळीस सेंटीमीटर चौकोन, आणि हात पंच्याहत्तर. कोल्हापूरवाल्यांका दाखव रे म्हाराजा, बोरभाट खंय आसा ता!” मुलांनी जीव खाऊन “व्हय म्हाराजा” केलं. शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

मग काय विचारता. दिवाळीच्या सुट्टीत गाव लोटलं बघायला. दीपेश बटण दाबायचा, हात सावकाश उलगडत जायचा, रिंग उचलायचा आणि सगळ्यांत उंच खांबावर नेऊन ठेवायचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, “भाई, तुझी एकशे धाववी होडी रे ही!” भाई त्या रात्री दोन घास जास्त जेवला.

पाचवी सुधारणा आली ती त्यानंतरच्या सोमवारी. मंगळवारी सकाळी अनुजा सायकलवरून थेट खोपीत. मॅडम तेव्हा कसल्याशा प्रशिक्षणाला ओरोसला गेलेल्या, दोन आठवड्यांसाठी.

“आजोबा, नियम बदललो.” तिने छापून आणलेला कागद पुढे धरला. “दुसरीकडे खंयतरी रोबो एकमेकांक आपटले, म्हणान आता खेळतानाय हात साठच्या भायर जावक नको.”

कागदावर साठचा आकडा होता आणि त्याच्याभोवती लाल गोल. भाईने तो बघितला. मग हाताकडे बघितलं, म्हणजे मनातल्या मनात, कारण हात शाळेत होता. पण त्याची प्रत्येक पट्टी त्याला डोळे मिटून दिसत होती.

“गाऱ्हाणा झाला गो. आता मापात सूतभर फरक करूचा नाय.”

“आजोबा, ता आपला माप. नियम तेंचो आसा.”

“नियम येतत नि जातत. मासेमारीचे नियम बघललंय मी चाळीस वर्षा. आज काढतत, उद्या मागे घेतत. ह्येय सहाव्या सुधारणेत मागे घेतीत.”

“आणि नाय घेतले तर?” ती तिथेच उभी. “मी मॅडमांका फोन करतंय.”

इथे भाई घाबरला. मॅडम काय म्हणतील ते त्याला ठाऊक होतं. मॅडम म्हणतील, कापा. “तेंका प्रशिक्षणात त्रास देव नको,” तो म्हणाला. “शनवारी माझी तेंची गाठ आसा. मी सांगतंय. तू जा, शाळेक उशीर होता.”

कागद त्याने शर्टाच्या खिशात घातला. शनिवारी मॅडम एका दिवसासाठी गावात आल्या, तेव्हा भेटल्या. भाईने ओरोसच्या पाण्याची चौकशी केली, जेवणाची केली, तिथल्या एका कंत्राटदाराने बांधकामखात्याला कसं बनवलं तो किस्सा सांगितला. कागदाचं काढलं नाही. मॅडम हसत हसत गेल्या. विसरलो, असं तो स्वतःला पुढे पुष्कळ दिवस सांगून बघणार होता. पण विसरला नव्हता. सबंध किस्सा सांगताना त्याचा हात खिशावर होता.

कोल्हापूरला जायच्या दोन दिवस आधी अनुजाने त्याला शाळेच्या पायरीवर गाठलं. “आजोबा, सांगलास मां मॅडमांका? साठचा?”

“व्हय गो.”

“काय म्हणाल्यो?”

“हात आसा तसो चलात म्हणाल्यो.”

किती सहज बोलला तो. तिने मान डोलावली आणि वहीत काहीतरी खूण केली. तिला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. ज्याच्या मापाची होडी घेऊन तिचा बाप रोज समुद्रात जातो, तो माणूस सांगत होता.

फोंडा घाटातून गाडी वर चढली तेव्हा मुलं गाणी म्हणत होती आणि भाई ड्रायव्हरशेजारी बसून किस्से सांगत होता. जरा जास्तच सांगत होता.

कोल्हापुरात एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली. पहिली तपासणी मापांची. तपासणीला एक कॉलेजचा पोरगा होता, गळ्यात ओळखपत्र, हातात टेप. बोरभाटचा रोबो पेटीत अलगद बसला. पोरगा म्हणाला, “वा, काय फिनिशिंग आहे!” भाईची मान ताठ झाली. मग त्याने हात उघडायला सांगितला, टेप लावली आणि थांबला. परत लावली.

“पंच्याहत्तर येतंय. सुधारणा पाच वाचली नाही का तुम्ही?”

मॅडमनी विचारलं, “कसली सुधारणा?”

पोराने मोबाईल काढून दाखवला. मॅडमनी वाचलं, आणि सावकाश अनुजाकडे वळल्या. “नियमांचं काम कुणाकडे होतं?”

अनुजाने मॅडमच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि एका क्षणात तिला सगळं कळलं. मॅडमना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मग तिने भाईकडे बघितलं. एकदाच. भाई तेव्हा स्वतःच्या चपलांकडे बघत होता. चपला नव्या होत्या, कोल्हापूरला जायचं म्हणून घेतलेल्या, आणि डाव्या अंगठ्याला लागत होत्या. इतकं बारीक त्याला आजही आठवतं.

“माझ्याकडे, मॅडम,” अनुजा म्हणाली.

“सगळ्यांची चार महिन्यांची मेहनत, अनुजा. एक काम होतं तुझ्याकडे. एक!”

“गो नियमबाई, एकच काम दिलला तुका!” दीपेश ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला.

भाईने तोंड उघडलं. तोंडात शब्द होता, अगदी जिभेच्या टोकावर. आजूबाजूला तीस शाळांची माणसं, तो टेपवाला पोरगा, आत्ताच ‘वा’ म्हणालेला. भाईने तोंड मिटलं.

अर्धा तास दिला होता दुरुस्तीला. पार्किंगमध्ये दीपेशने कुणाचा तरी हॅकसॉ मागून आणला आणि भाईसमोर धरला. “तुमी कापा, आजोबा. आमका सरळ येवचा नाय.” भाईने कापला. पितळी पिनेच्या अलीकडे, सागाची पट्टी, पंधरा सेंटीमीटर. कापता कापता आतली तार तुटली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रोबो मैदानात गेला आणि त्याचा हात उचललाच गेला नाही. तीन फेऱ्या मुलांनी रिंगा जमिनीवरून नुसत्या ढकलल्या. शेवटून दुसरे आले.

परत येताना भाई पुन्हा ड्रायव्हरशेजारी बसला. ड्रायव्हर म्हणाला, “काय भाईनू, आज गप?” भाई म्हणाला, गाडी लागता माका. मागे अनुजा शेवटच्या सीटवर एकटी होती. बाकी तिघं पुढे सरकून बसली होती.

त्यानंतर तीन आठवडे भाई खोपीत जायचा, पटाशीला धार लावायचा आणि घरी यायचा. एका मालकाने नव्या होडीचं काम आणलं. पठाण मांडायचा दिवस भाईने दोनदा पुढे ढकलला. पायाला लागलंय म्हणाला. बायको, सुभद्रा, बघत होती. ती फार बोलणारी नव्हे. एवढंच विचारलं, “तुमका काय झाला?” आणि तो काही नाय म्हणाला, तर तिनेही पुन्हा विचारलं नाही.

त्याने एक लाकडी पेटी केली. फणसाची, आत कप्पे, पेन-कंपास ठेवायला. दुकानदाराच्या हाती अनुजाकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी पेटी खोपीच्या दाराशी होती. आत चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं.

मग एका गुरुवारी यशोदा घरी आली, अनुजाची आई. हातात मोदक, गूळखोबऱ्याचे. ओसरीवर बसली.

“भाईनू, एक काम होता तुमच्याकडे. गोव्यात जानेवारीत ह्याच नियमांची आणि एक स्पर्धा आसा. मॅडम परत टीम नेतत. शनवारी नावा जातत. आमच्या अनुजाचा नाव तेंनी काढल्यानी.”

भाईने मोदक हातात घेतला होता. तो हातातच राहिला.

“काढतीत नायतर काय करतीत,” यशोदा म्हणाली. “चूकच झाली तिची. पण ती काय बोलाकच तयार नाय. बापूस म्हणता, पुरे झाला ता रोबो, घरात बस. तुमी जरा समजावा तिका. मॅडमांची माफी माग म्हणान सांगा. तुमच्या शब्दाक मान देता ती.”

“बघतंय,” भाई म्हणाला.

बघतंय! दुसऱ्यांदा तोंडाशी आलेला शब्द गिळला, आणि वर आश्वासन दिलं. यशोदा उठली, पदराने डोळे पुसले, मोदकांचा डबा तिथेच ठेवून गेली. सुभद्रा दारात उभी होती.

“काय समजावतलास तिका?” तिने विचारलं.

भाईने हातातला मोदक परत डब्यात ठेवला.

“शर्ट धुताना खिशातलो कागद मीच काढललंय. लाल पेनान गोल केललो साठ. माका इंग्रजी येणा नाय, पण आकडो वाचूक येता.” ती डबा उचलून आत जायला निघाली, मग थांबली. “तीन आठवडे बघतंय, तुमी कधी बोलतास ता. माझ्यापाशी तरी.”

त्या दिवशी भाईला स्वतःच्याच घरात कुठे बसावं ते सुचेना. माणसाला आपली चूक एकट्याला ठाऊक आहे असं वाटत असतं, तोवर ती कशीबशी अंगावर वागवता येते. आणि इथे तर ती पोर जाणत होती, बायको जाणत होती, आणि दोघीही त्याची अब्रू झाकून बसल्या होत्या. त्याच्यासाठी! एकशे नऊ होड्यांच्या मालकांपुढे छाती काढून बोललेला माणूस, आणि त्याची लाज एका नववीतल्या मुलीने तिच्या नावावर घेतली होती.

शनिवारी सकाळी तो हायस्कुलात गेला. धुतलेलं धोतर, टोपी. प्रयोगशाळेत मॅडम अर्ज भरत होत्या, दीपेश आणि बाकी दोघं भोवती. अनुजा कोपऱ्यात तारा वेगळ्या करत होती. तिला टीममधून काढलं होतं, पण खोली आवरायचं काम होतंच.

भाईने घरून ठरवून आणलं होतं. शाळेत, कचेरीत बोलायचं ते शुद्ध बोलायचं. त्याने टोपी काढली.

“मॅडम, सदर प्रकरणात माझ्याकडूनसुद्धा थोडे अनवधान झाले. कागद माझ्याकडे आला होता, परंतु तो आपणापर्यंत पोचवण्याचे राहून गेले.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे? अनुजाने तुम्हाला सांगितलं होतं?”

“होय. परंतु कामाच्या व्यापात...” आणि भाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ग्रामपंचायतीत ठेकेदार रस्ता वाहून गेल्याचं सांगतो, तसा. राहून गेले. जणू कागदालाच पाय होते आणि तो आपला राहिला. त्याने कोपऱ्याकडे बघितलं. अनुजाचे हात थांबले होते.

“नाय मॅडम,” तो म्हणाला. “राहान गेला नाय. माका म्हायत होता. तिना दुसऱ्याच दिवशी कागद आणून दिलो. तुमका फोन करी होती, मीच करूक दिलंय नाय. मगे तिना परत इचारल्यान, तर मी सांगलंय, मॅडम चलात म्हणाल्यो. खोटा बोललंय मी. माझो हात कापतलास म्हणान. इतको बरो झाललो हात.” त्याला श्वास पुरेना. “आणि कोल्हापुराक तुमी तिका बोललास, तेव्हा मी थंयच होतंय.”

दीपेशचा चेहरा लाल झाला आणि तो खाली बघायला लागला. भाईला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

अनुजा उठली. “मी थंय वाट बघी होतंय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “तुमी बोलतलास म्हणान. मगे वाटला गाडयेत बोलतलास. मगे वाटला घरी गेल्यार. रोज वाटा, आज येतले.” आणि आता मात्र तिला रडू फुटलं. “माका पेटी कित्याक पाठयलास?”

भाई नुसता उभा राहिला, टोपी हातात.

मॅडम अनुजाजवळ गेल्या. “मी तुला त्याच वेळी नीट विचारायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.” मग टेबलापाशी येऊन त्यांनी अर्जावर अनुजाचं नाव लिहिलं, सगळ्यांत वर. लिहून झाल्यावर भाईला म्हणाल्या, “तिच्या घरी हे तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.”

तो तिथूनच गेला. निलेश अंगणात होडीचं इंजिन उघडून बसला होता. यशोदाने भाईला बघितलं, बसा म्हणाली, आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. भाई बसला नाही. उभ्याउभ्याच सगळं बोलला, दारातून तिलाही ऐकू जाईल असं. बोलून झालं तेव्हा आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. चहा आला नाही. भाईच्या आयुष्यात बोरभाटातल्या कुठल्याही घरातून तो चहाशिवाय परतला नव्हता, मयताच्या घरातूनसुद्धा नाही.

निलेशने फडक्याने बोटं पुसली. “भाईनू,” तो म्हणाला, “समुद्रात लाट मोठी इली की बाहेरगावचे लोक घाबरतत. मी तेंका सांगतंय, भाईंची होडी आसा, भिया नको.” आणि परत इंजिनात वाकला. एवढंच बोलला. भाईला वाटलं, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गोव्याच्या तयारीला भाईला कुणी बोलावलं नाही आणि तोही गेला नाही. नवा हात मुलांनी स्वतः केला. पाणी नेतात त्या प्लास्टिकच्या पाइपचा, वाकडातिकडा, जागोजागी चिकटपट्टी. एकदा दीपेश तो घेऊन खोपीत आला. सांधा डुगडुगतो, काय करू म्हणून. भाईने दोन्ही हात मागे बांधले आणि तोंडाने सांगितलं, हयसर भोक पाड, हयसर वायसर घाल, नाय, आणि एक घाल. दीपेशने केलं. अनुजा बाहेर सायकल धरून उभी होती. आत आली नाही.

“सोमवारची सुधारणा इली काय रे?” भाईने हळूच विचारलं.

“नववी इली.”

“काय म्हणता ती?”

“तिकाच इचारा मां.”

भाईने खोपीच्या दाराकडे बघितलं. विचारलं नाही. तेवढं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका दुपारी सुभद्राचा फोन वाजला. ती तांदूळ निवडत होती, म्हणून तिने स्पीकर लावून फोन सुपाशेजारी ठेवला. पलीकडे गोंगाट, शिट्ट्या, आणि अनुजाचा आवाज.

“आजी गो, मापात पास झालो! एकोणसाठ इला. आणि पयली फेरी जिंकली आमी!”

“देव बरा करो बाय तुझा,” सुभद्रा म्हणाली. तिने ओसरीकडे बघितलं. भाई तिथे खांबाला टेकून बसला होता, मान खाली, श्वाससुद्धा न घेता ऐकत. “भाईंका फोन देव काय?”

पलीकडे गोंगाट तेवढा राहिला. मग अनुजा म्हणाली, “आता नको गे आजी. दुसरी फेरी आसा. मगे बोलतंय तेंच्याशी.”

फोन बंद झाला. सुभद्रा पुन्हा तांदूळ निवडायला लागली. भाई उठला, ओसरीच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला, आणि संध्याकाळी दिवे लागले तरी तिथून हलला नाही.